पाडव्याला उघडलेली बाटली

आमच्या सूनबाईला हल्ली एका जागी बसवत नाही. पहाटे चारला उठून घासलेली भांडी पुन्हा घासते, जेवते माझ्या दुप्पट आणि तरी वाळत चाललीय. थायरॉईडने फुगली होती तेव्हा दिवसभर लोळायची. हळदीकुंकवाला मीच चारचौघींत म्हटलं होतं, "आमच्याकडे गव्हाचं पोतं नांदतंय." सगळ्या हसल्या होत्या.

नंतर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. रोज एकच घ्या म्हणाले, वजन हळूहळू उतरेल.

आज पापड लाटताना तिच्या हातातलं लाटणं थरथरायला लागलं. मनगट धरलं तर नाडी शिलाई मशीनसारखी धावत होती. मी उठून बाटली बघितली. मला इंग्रजी अक्षर कळत नाही, तिथी कळतात. शंभर गोळ्यांची बाटली पाडव्याला उघडलेली. आज अक्षय तृतीया, आणि तळाला चारच गोळ्या.

"आई, लवकर बारीक व्हायचं होतं," ती खाली बघत म्हणाली. "रोज तीन घेतेय."

मला ते हळदीकुंकवातलं हसू ऐकू आलं. बाटली कमरेला खोचली, तिच्या चपला पुढे सरकवल्या.

"चल दवाखान्यात. या घरात पोतं नांदलेलं चालेल मला. तिरडी नाही चालणार."