कुठंही चालणारा ट्रान्सफॉर्मर

गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला की अगदी तसलाच दुसरा मिळेपर्यंत लोकांनी अंधारात बसायचं, याची मुजीब सरांना भयंकर चीड. सांगलीच्या कॉलेजात रक्त आटवून त्यांनी कुठल्याही गावाच्या विजेशी जुळवून घेणारा ट्रान्सफॉर्मर बनवला, आटपाडीजवळच्या एका वाडीत बसवला आणि पुढच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून दिल्लीपर्यंत उंबरठे झिजवले. शेवटी सत्त्याण्णव साली एकदाची समिती वाडीत आली, तर नेमकी वीज गायब! सर ट्रान्सफॉर्मरच्या खटक्याची पेटी उघडायला धावले, पण कुलपाची किल्ली कुणालाच सापडेना.

"ही डीपी एक दिस धड चालली न्हाई, सायेब," सरपंच हरीतात्यांनी हात जोडले.

समितीनं तिथल्या तिथं पैसे द्यायला नकार दिला. जीप वळणाआड गेली, तशी तात्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली, पेटी उघडून खटका वर केला. पिठाची गिरणी घरघरू लागली.

"तात्या, वाटोळं केलंत माझं!" सर ओरडले.



"आवं सर, लय झ्याक चालतीया म्हणलो असतो, तर असली चीज त्यांनी आमच्या वाडीत ठिवली असती व्हय?"