आमची कुठेही शाखा नाही

"अजून बोटभर मोठं काढ!" अण्णा शिडीवरच्या रंगाऱ्यावर खेकसले. 'राघू चिवडा' या पाटीखाली दर दिवाळीला ते एकच ओळ नव्यानं रंगवून घेत: आमची कुठेही शाखा नाही. समोर मात्र दुसरा 'राघू चिवडा' बिनदिक्कत चालायचा. त्याचा माल खवट निघाला की बोलणी अण्णांनी खायची.

लेक तेजश्री मोबाइलवरचे गेम बनवायची. नंदीबैलाचा 'गुबूगुबू' हा गेम बाजारात आणण्याआधी तिनं त्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवला, तेव्हा अण्णा हसले होते. "पोरखेळाला सरकारी शिक्का कशाला गं?"

त्याच दिवाळीत तेच नाव आणि तसाच नंदीबैल घेऊन एक नकली गेम निघाला. त्यात पावलागणिक जाहिराती, आणि लोकांच्या शिव्या तेजश्रीला. तिनं ट्रेडमार्कचा दाखला जोडून ॲप स्टोअरकडे तक्रार केली. आठवडाभरात नकली नंदी गायब!

अण्णा आपल्या पाटीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तेजू, आपल्या राघूला मिळेल का गं तसला शिक्का?"

"मिळेल की! नाव आधी तुम्हीच वापरलंय, अण्णा."

यथावकाश शिक्का मिळाला, नोटीस गेली आणि समोरच्यानं मुकाट्यानं आपली पाटी उतरवली. दिवाळीला रंगारी पुन्हा शिडीवर चढला. "अण्णा, ती शाखेची ओळ आता पुसू ना?"

"खबरदार! इतकी वर्षं ती विनवणी होती. आता ताकीद आहे."