कर्स्टनचे चार दात

"चार दात, आई! चांगले धडधाकट!" कर्स्टनने दवाखान्यात सगळ्यांसमोर चार बोटं नाचवली.

आर्डिसबाई मान खाली घालून बसल्या. कित्येक वर्षं त्या हेच ऐकत होत्या. मुली तेरा वर्षांच्या असताना दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तारा बसवायच्या तर आधी जागा हवी, दोघींचे चार-चार दात काढावे लागतील. कर्स्टनने मुकाट्याने काढून घेतले. तिची जुळी बहीण जनेल मात्र गाडीतून उतरेचना. दाराला अशी चिकटली, की शेवटी आर्डिसबाईंनीच हात टेकले. जनेलचे दात एकमेकांवर चढलेले, तसेच राहिले.

कर्स्टनची दंतपंक्ती बघत राहावी अशी झाली. पण झोपली की तिचा श्वास अडकायचा, आणि घोरणं असं की नवऱ्याने आपली गादी तळघरात नेली. दात काढले की जबडा आखूड होतो, जिभेला जागा उरत नाही, श्वास कोंडतो, असं तिने कुठंतरी वाचलं. झालं! "जनेलला बघ. सगळे दात जागच्या जागी. कशी गाढ झोपते!"

जुळी बहीण आहे म्हटल्यावर झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी जनेललाही तपासून घेतलं होतं. आता त्यांनी तिघींना आत बोलावलं आणि दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

"कर्स्टन, झोपेत तुमचा श्वास तासाला अठ्ठावीस वेळा अडकतो. जनेल, तुमचा एकतीस वेळा."

"माझा?" जनेल उडालीच. ती एकटी राहायची. घोरतेस म्हणून सांगणारं घरात कुणी नव्हतं.

"दोघींवरून सगळ्या जगाचं काही सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्यापुरतं बोलायचं, तर दोघींचा घसाच अरुंद आहे. दातांवर खापर फोडू नका."

कर्स्टनचा चेहरा पडला. तिने आईचा हात हातात घेतला. "चुकलं गं माझं."

आर्डिसबाईंचे डोळे भरून आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत निवांत मागे टेकल्या.

"म्हणजे हे वेडेवाकडे दात मी फुकटच मिरवले?" जनेल कडाडली. "आई, तेरा वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतंय? कान धरून काढायला लावायचे होतेस ना माझे दात!"