उपाशीपोटी

"मॅडम, आपल्याला कर्करोगाची खूण सापडलेली नाही," निलोफर म्हणाली. "आपल्याला चहा सापडलाय."

भर बैठकीत सगळे हसले. मी तिची पीएचडीची गाइड, मला हसू आलं नाही. तिने शिकवून तयार केलेल्या प्रोग्रॅमने शेकडो रक्तनमुने चाळून एक पदार्थ हेरला होता. निरोगी माणसांत तो भरपूर, स्वादुपिंडाच्या कर्करोगात जवळपास नाहीच. संस्थेच्या संचालकांनी त्याच दुपारी पत्रकारांनाही बोलावून ठेवलं होतं.

"रुग्णांचं रक्त ऑपरेशनच्या सकाळी घेतलं, उपाशीपोटी," ती सांगत होती. "निरोगी म्हणून आपण सगळ्यांनी रक्त दिलं, ते मात्र कॅन्टीनमधून चहा पिऊन आल्यावर. मशीन तेवढंच ओळखतंय, चहा कोण प्यायलंय आणि कोण नाही."

संचालकांचा चेहरा उतरला. "हे आणखी कुणाच्या लक्षात आलं असतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नसतं आलं, सर. पण उद्या एखादा रुग्ण चहा पिऊन तपासणीला आला असता, तर आपण त्याला ठणठणीत ठरवून घरी पाठवलं असतं."

तिची नजर खाली गेली नाही. पीएचडीचं सगळं काम तिने स्वतःच्या हाताने मोडीत काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्त घ्यायची खोली उघडायला आली, तर दाराबाहेर रांग. आम्ही सगळेच, बिनचहाचे आणि म्हणून जरा चिडलेले. सगळ्यांत पुढे संचालक, बाही वर सारून.

"घे लवकर," ते म्हणाले, "चहाची तलफ आलीय."