पुण्याचा निकाल

धारवाडजवळच्या रायापूरला वेदश्री पोचली तेव्हा पद्मनाभ सर घरी उशीला टेकून तिचीच वाट बघत होते. पोटाच्या कॅन्सरनं माणूस निम्मा झाला होता. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता.

"पुण्याचा निकाल आला काय गं?"

"आला, सर."

कागद तिच्या पिशवीत होता. तिच्या पीएचडीची चार वर्षं दोघं मिळून एकच एन्झाइम घडवत होती. जनुकात मुद्दाम चुका करायच्या, जंतूंच्या हजारो वसाहती वाढवायच्या, त्यातली सरस ती निवडून तिच्या जनुकात पुन्हा चुका करायच्या. अशा सहा फेऱ्या झाल्या. औषध एकच, पण त्याची दोन रूपं, डाव्या-उजव्या चपलेसारखी. उजवं गुण देतं, डावं किडनी खातं. एन्झाइमनं फक्त डावं तोडायचं. पण तोडलं हे दिसणार कसं? औषधाला रंगच नाही. म्हणून सरांनी त्याला एक रंगद्रव्य जोडून दिलं, तुटलं की पिवळं. जी वसाहत डाव्यावर पिवळी झाली नाही, किंवा उजव्यावर झाली, ती टाकायची. रंग न जोडलेल्या साध्या औषधावरही दर फेरीला बघू या, असं वेदश्री पहिल्याच वर्षी म्हणाली होती. पण त्याची दोन रूपं वेगळी मोजणारं यंत्र धारवाडच्या प्रयोगशाळेत नव्हतं, आणि सर म्हणाले होते, "रंग पुरे की."

शेवटी साध्या औषधाचा नमुना पुण्याला गेला. एन्झाइमनं डावं-उजवं दोन्ही सारखंच तोडलं होतं. चार वर्षांत ते रंगद्रव्य ओळखायला शिकलं, औषध नव्हे.

"डावंच तोडतं ना?" सरांनी विचारलं.

सरांच्या पत्नी कृष्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच वेदश्रीला विनवलं. जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, असं तिलाही वाटलं.

"होय, सर. डावंच."

कित्येक दिवसांनी सर हसले. "बघ, मी म्हणत होतो. तो नवा श्रीवत्स येतोय ना पीएचडीला, त्याला सांग, रंगावरच निवड म्हणावं. पुण्याची भानगड नको. माझं नाव घेऊन सांग."

त्या पोराचीही चार वर्षं मातीत जाणार, आणि तीही सरांच्या नावानं. वेदश्री खुर्ची ओढून जवळ बसली. कृष्णाबाईंकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"सर, खोटं बोलले मी. दोन्ही तोडतं."

कृष्णाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. सरांनी कागद मागून घेतला आणि न वाचताच छातीवर ठेवला. वेदश्रीला रडू आवरेना. सर मात्र छताकडे बघत कसलासा हिशेब करत होते.

"पहिल्या फेरीत किती वसाहती टाकल्या गं आपण?"

"सहा हजारांवर, सर."

"एकही जिवंत नाही?"

"नाही. सगळ्या उकळून टाकल्या."

"त्यांत असेल एखादी, नुसतं डावं तोडणारी," सर म्हणाले. "साध्या औषधाचं आपण तिला विचारलंच नाही."