डोंगर घ्या

कुडपणच्या पठारावर फोटो काढायला शिकणारी पोरं तीन पायांचे स्टँड लावून चांगल्या उजेडासाठी तासभर ताटकळली होती. डोंगर काय पळून जातोय, असं म्हणत गावातल्या येसाजीनं आपला मोबाईल त्यांच्या सरांच्या हातात दिला. सर फोटो चाळत गेले आणि पोरांवरच उखडले.

"लाखाचे कॅमेरे घेऊन कचरा काढता. हे बघा. नुसता डोंगर, मधे माणसाची लुडबूड नाही. काका, कुठं शिकलात?"

"शिकतोय कशाला? बायकोचा काढाया गेलो की ती बाजूला सरायची. म्हणायची, मला कशाला, डोंगर घ्या." येसाजी म्हणाला, "उद्या तिचं तेरावं हाय. भिंतीला लावायला फोटो नाय. एखाद्यात तरी पदर आलाय काय, तेवढं बघा."