बाबांच्या ऑस्टिनचं इंजिन

“फियाटचं इंजिन? बाबांच्या ऑस्टिनमध्ये?” मुकुंदराव वकील कडाडले.

कडूबा मिस्त्रीनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. चिकलठाण्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि वकिलांच्या या शेडमध्ये तो महिन्यात तिसऱ्यांदा आला होता. “मग जीपचं घ्या, वकीलसाहेब. ताकद लई. पण कोणतं बी घेतलं तरी गिअरबॉक्स त्याच्याच जोडीचा लागंल. हा जुना नाय जुळायचा.”

“इंजिन दुसऱ्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा. मग बाबांचं काय राहिलं? पत्रा?”

“पत्रा मातर झकास हाय,” कडूबा मनापासून म्हणाला. वकील आणखीच भडकले.

तसं रागवायला त्यांना कारण लागत नसे, पण इथं कारण होतं. पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षांनी बाबा आजारपणात गेले. हैदराबादला शिकणारे मुकुंदराव धावत घरी आले. तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्यांनी शेडमध्ये जाऊन गाडीचं बॉनेट उचललं, तर आत इंजिनच नाही! त्यांनी तडक पोलिस ठाणं गाठलं, कागदांवरचा इंजिनचा नंबर लिहून दिला आणि घरी येऊन सगळ्यांदेखत शपथ घेतली: चोर कोणीही असो, त्याला हर्सूलच्या तुरुंगात खडी फोडायला लावीन. आई, यमुनाबाई, काहीतरी बोलायला पुढं आल्या होत्या. लेकाचा तो अवतार बघून तशाच आत गेल्या.

चोर सापडला नाही. नंबर मात्र मुकुंदरावांच्या तोंडात बसला. चार, एक, सात, दोन. भंगारवाल्यांकडं जाऊन ते पुन्हा पुन्हा तोच विचारत. बाबा आईला श्रावणात वेरूळला घेऊन जायचे. आई आता अठ्ठ्याहत्तरीला आली होती. तिला एकदा तरी त्याच गाडीतून, त्याच इंजिनावर घृष्णेश्वराला न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

“एक सांगू का?” कडूबानं मागच्या सीटखाली सापडलेली कापडी पुरचुंडी सोडली. “चोर लई सभ्य दिसतो. नट-बोल्ट न्‌ नट-बोल्ट तेल लावून बांधून ठिवलाय.”

“सभ्य? हलकट म्हण हलकट! आजारी माणसाच्या घरात शिरून चोरी करणारा!”

तेवढ्यात चार वाजले आणि मागच्या गल्लीत भकभक सुरू झाली. सरूबाईची पिठाची गिरणी. सरूबाई ही बाबांच्या ड्रायव्हरची, फकिराची बायको. फकिरा बाबांच्या आधी काही महिने टायफॉइडनं गेला. पुढं सरूबाईनं रॉकेलवर चालणारी ही गिरणी घातली आणि तीन लेकी उजवल्या. मुकुंदरावांना तिच्याबद्दल तक्रार नव्हती, तक्रार आवाजाबद्दल होती. गिरणीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. दळण न्यायला घरात बाई होती, आणि वकिलानं पिठाच्या धुरळ्यात जायचं कशाला?

“आले वाटतं,” स्वयंपाकघरातून यमुनाबाई म्हणाल्या. “चहा टाकते.”

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. “ऐकलंस, कडूबा? रोज गिरणी सुरू झाली की आईला वाटतं, बाबा आले. या भडभडाटानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय!”

ते तरातरा आत गेले. “आई, ती गिरणी मी बंद करणार म्हणजे करणार.”

“राहू दे रे,” यमुनाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “तिचं पोट आहे त्यावर. आणि मला ऐकायला बरं वाटतं.”

“बरं वाटतं! हेच तर लक्षण आहे!”

गिरणीविरुद्ध पालिकेकडं केलेले आधीचे सात अर्ज वाया गेले होते. आठव्याला त्यांनी डॉक्टरांचं पत्र जोडलं, गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या जोडल्या आणि आईच्या प्रकृतीवर असं काही लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तीन आठवड्यांत हुकूम आला. भरवस्तीत गिरणी चालणार नाही.

त्यानंतरच्या सोमवारी कडूबा आला तो हसतच. “वकीलसाहेब, सुटलात. गिरणीचं धूड काल आमच्याकडच्या भट्टीत आलं म्हणं. आज सकाळी घणानं फोडलं न्‌ वितळवलं. भट्टीवाला सांगत व्हता.”

“बरं झालं!” मुकुंदरावांनी मांडीवर थाप मारली. आनंदाच्या भरात त्यांचा हट्टही सैल पडला. “आण ते तुझं फियाटचं. गिअरबॉक्ससकट आण. पण सांगून ठेवतो, तो चोर जिवंत असला तर अजूनही त्याला सोडणार नाही.”

कडूबा गेला. चार वाजले. गल्ली शांत होती. घरात चहाचा वास नव्हता.

यमुनाबाई बाहेर आल्या, त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी हातातला फडका मुलापुढं ठेवला. “सरूबाई लेकीकडं गेली, पैठणला. कायमची. हे तुला द्यायला सांगितलंय.”

“मला? आता माफीबिफी मागते की काय?”

“नाही. म्हणाली, मोठ्या मालकांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं, त्यातलं एवढंच उरलं.”

मुकुंदरावांनी फडका उलगडला. आत बोटभर लांबीची एक पितळी पट्टी होती, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. चष्मा नाकावर चढवून त्यांनी एकेक आकडा वाचला.

चार. एक. सात. दोन.